ड्रॅग रेसची पट्टी, पृथ्वीची गोलाई आणि आमचा सड्यावरचा पाव मैल

तिसरा_गिअर | शुक्रवार, रात्री १०:१८

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे आमच्यात एका प्रश्नावरून वाद चाललाय आणि त्यापायी काम अडलंय, म्हणून धागा काढतो.

उत्तर गोव्यात एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खासगी जागेत सरळ अंतर्गत रस्ता आहे, सातशे मीटरच्या आसपास. मालक तयार आहेत. सगळ्या परवानग्या काढून तिथे एक दिवसाची ड्रॅग (दोन गाड्यांची शेजारच्या लेनमधून सरळ रेषेतली शर्यत) ठेवायची असं आम्ही दहा-बारा जणांनी ठरवलंय. पाव मैल, म्हणजे ४०२.३३६ मीटर धावायचं, उरलेला रस्ता गाडी थांबवायला. डांबर जुनं आहे, त्यावर ४० मिमीचा नवीन थर टाकायचाय.

वाद इथेच सुरू झाला. आमच्यातला एक जण म्हणतो, "पृथ्वी गोल आहे. पट्टी एकदम सपाट केलीस तर शेवटाकडे गाडी चढावर जाणार. तेवढं धरूनच थर टाकायला हवा." त्याचा हिशोब असा: मैलाला आठ इंच गोलाई, मग पाव मैलाला दोन इंच. दोन इंच म्हणजे ५० मिमी, आमच्या अख्ख्या थरापेक्षा जास्त! दुसरा म्हणतो, चारशे मीटरवर कसली गोलाई घेऊन बसलात. माझं गणित दहावीपर्यंतचं, त्यामुळे कोण बरोबर ते मला सांगता येत नाही. पण डांबराचे पैसे सगळ्यांनी काढलेत, चूक नको आहे.

जाणकारांनी सांगावं.

क्वार्टर_माईल | शुक्रवार, रात्री १०:५१

आधी कामाचं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. जागा खासगी असली तरी एफएमएससीआय, म्हणजे मोटर शर्यतींच्या देशातल्या संघटनेच्या नियमांप्रमाणे, अँब्युलन्स आणि आग विझवणारी माणसं उभी करूनच करा. आणि थांबायच्या जागेत काटकसर करू नका. अमेरिकेत २००८ साली इंग्लिशटाऊनला ड्रॅग रेसर स्कॉट कॅलिटा अपघातात गेला, त्यानंतर तिथल्या सगळ्यात वेगवान गाड्यांची शर्यत पाव मैलावरून १००० फुटांवर आणली, म्हणजे ३०४.८ मीटर. वाचलेली लांबी थांबायलाच दिली.

गोलाईचं मला सांगता येणार नाही. धावपट्टीवरच्या ड्रॅग मी बऱ्याच बघितल्यात, लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या पट्टीवरही गेलोय. चिकटपणा, वारा, उतार यावर तिथे तासन्‌तास चर्चा होते. पृथ्वीच्या गोलाईवर कोणी बोललेलं ऐकलं नाही. म्हणून उत्तर वाचायला मीही बसलोय.

फोंडा_विज्ञान | शुक्रवार, रात्री ११:२०

तिसरा गिअर, तुमच्या मित्राचा आकडा योग्य नियमातून आलाय, पण नियम अर्धाच वापरला गेलाय. आठ इंच पहिल्या मैलाला, आणि पुढे अंतराच्या वर्गाने. दोन मैलांना सोळा इंच होत नाहीत, बत्तीस होतात. खाली येतानाही तसंच: पाव मैल म्हणजे एक चतुर्थांश, त्याचा वर्ग एक सोळांश, आठ इंचांचा सोळावा भाग म्हणजे अर्धा इंच. १२.७ मिलिमीटर.

दुसऱ्या वाटेनेही तपासून बघू. अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीच्या त्रिज्येची दुप्पट. ४०२.३३६ चा वर्ग साधारण १,६१,८७४. त्रिज्या ६३७१ किलोमीटर, दुप्पट १,२७,४२,००० मीटर. भागाकार ०.०१२७ मीटर. तोच अर्धा इंच.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात हे गणित दिलं की दरवर्षी निम्मी मुलं दोन इंचच काढतात, तेव्हा मित्राला बोलू नका. वर्ग विसरला जातो.

तिसरा_गिअर | शुक्रवार, रात्री ११:३४

मॅडम, आभार. म्हणजे शेवटाला अर्धा इंच खाली घ्यायचा का? की सुरुवातीला वर? आणि अर्धा इंच हा खरंच चढ मानायचा का?

मांडवीकाठ | शनिवार, सकाळी ७:०५

मला एक मनापासून विचारायचंय. रोज पणजी-रायबंदर बसने जाते. तो पाटो, म्हणजे पाण्यातून काढलेला बांधावरचा रस्ता, १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारीशच्या काळात बांधला, साधारण ३.२ किलोमीटर. दोन्ही बाजूंना पाणी, आणि भरती भरली की पाणी रस्त्याच्या काठाला सगळीकडे सारखंच खाली दिसतं. मॅडमच्या नियमाने ३.२ किलोमीटरला ८० सेंटिमीटर फरक पडायला हवा. मग एका टोकाला पाणी रस्त्याला लागलेलं आणि दुसऱ्या टोकाला हातभर खाली, असं का दिसत नाही? रस्ता तर सपाटच आहे ना?

लेव्हल_स्टाफ | शनिवार, सकाळी ८:४०

मांडवीकाठ ताई, तुमच्या प्रश्नातच अख्ख्या धाग्याचं उत्तर आहे.

मी सर्व्हेचं काम तीस वर्षं केलं. रस्ते, पूल, दोन-तीन बंधारे. "सपाट" या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक सपाट म्हणजे पाण्याचं सपाट. बादलीतलं, तळ्यातलं, मांडवीतलं. ते गुरुत्वाकर्षणाला सगळीकडे काटकोनात असतं, म्हणून ते पृथ्वीबरोबर वळतं. दुसरं सपाट म्हणजे पट्टीचं, काचेचं, लेझरच्या किरणाचं. ते सरळ जातं, पृथ्वीची पर्वा करत नाही. चार मीटरच्या खोलीत दोन्ही एकच. चारशे मीटरवर त्यांच्यात अर्ध्या इंचाची फट पडते.

तुमचा पाटो पाण्याच्या हिशोबाने बांधलेला आहे. बांधणाऱ्यांनी भरतीची खूण बघितली आणि तिच्यावर अमुक हात उंच दगड रचले. पाणी वळलंय, रस्ताही त्याच्यासोबत वळलाय, म्हणून दोघांतलं अंतर सारखं. त्या पाट्याच्या दोन टोकांमध्ये खरीखुरी सरळ रेषा ओढता आली, तर मधोमध ती रस्त्याच्या साधारण २० सेंटिमीटर खालून जाईल.

तिसरा गिअर, तुम्ही ज्याच्याकडून लेव्हल घेणार तो ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) घेऊन येईल. त्या यंत्राच्या आत लोंबता भिंग-आरसा असतो, तो गुरुत्वाकर्षणाने आडवा होतो. म्हणजे यंत्र प्रत्येक ठिकाणी उभं केलं की तिथली पाण्याची सपाटी दाखवतं. पन्नास मीटर मागे, पन्नास मीटर पुढे असं बघत पुढे सरकलात, तर पट्टी आपोआप पृथ्वीबरोबर वळलेली तयार होते. वेगळं काही "धरायची" गरज नाही. उलट धरायला गेलात तर आपणहून उतार घालाल.

आगरातला | शनिवार, सकाळी ९:१५

काकांनी सांगितलं ते आमच्या आगरात दरवर्षी डोळ्यांनी दिसतं. आमच्या घरची मिठागरं आहेत. पावसाळा संपला की आगर म्हणजे नुसता चिखल. पाणी काढायचं, बांध दुरुस्त करायचे, आणि मग कोंड्यांचा, म्हणजे मिठाच्या वाफ्यांचा, तळ तुडवून आणि लाकडी फळीने चोपून सारखा करायचा. लेव्हलचं यंत्र कोणाकडेच नसतं. मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, भरतीचं पाणी थोडंसं आत सोडायचं, चार बोटांहून कमी, आणि काठावर उभं राहून बघायचं. जिथे चिखल वर आलाय तिथे ओली काळी पाठ उघडी पडते. पाणी चारही कोपऱ्यांना एकाच वेळी टेकलं की कोंडी झाली. माझा बाब पाणी सोडून बिडी ओढत बसायचा आणि एक बोट नुसतं दाखवायचा, "थंय". तिथे गेलं की नखभर उंचवटा सापडायचाच.

म्हणजे काकांच्या भाषेत आमचं मीठ वळलेल्या तळावर पिकतं. आजवर असा विचार केला नव्हता.

फोंडा_विज्ञान | शनिवार, सकाळी १०:०२

आगरातला, फार सुंदर लिहिलंत. हेच निसर्गाने अवाढव्य प्रमाणात केलेलं बघायचं तर बोलिव्हियातलं सालार दे उयुनी. दहा हजार चौरस किलोमीटरचं मिठाचं पठार, आणि त्यावर उंचसखलपणा एक मीटरच्या आसपास. उपग्रहांची उंची मोजणारी यंत्रं तपासायला ते वापरतात. "जगातली सगळ्यात सपाट जागा" म्हणतात तिला, पण ती काकांनी सांगितलेल्या पहिल्या अर्थाने सपाट आहे. पृथ्वीच्या पाठीसारखी वळलेली.

क्वार्टर_माईल | शनिवार, सकाळी १०:३०

पटलं. पण हल्ली मोठ्या कामांना लेझर लावतात. समजा एखाद्याने खरंच लेझरने सरळ पट्टी केली, पाण्याची सपाटी न बघता. तर वेळेत फरक किती? आमच्याकडे हजारांश सेकंदावर निकाल लागतात.

फोंडा_विज्ञान | शनिवार, दुपारी १२:१०

गणित करून बसले, शनिवारची अर्धी सकाळ गेली पण मजा आली.

धरून चला की पट्टी सुरुवातीच्या रेषेला पाण्याच्या सपाटीशी जुळलेली आहे आणि तिथून नाकासमोर सरळ गेलीय. शेवटाला गाडी खऱ्या अर्थाने १२.७ मिमी वर चढलेली असेल. हजार किलोची गाडी तेवढी उचलायला साधारण १२५ ज्यूल लागतात. तीच गाडी शेवटाला ताशी १८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५० मीटरने जात असेल तर तिच्यात साडेबारा लाख ज्यूल असतात. दहा हजारात एक भाग.

वेळेचं: बारा सेकंदांत पाव मैल जाणारी गाडी सारख्या त्वरणाने जाते असं धरलं तर उशीर ०.०००११ सेकंद निघतो. खऱ्या गाडीचं त्वरण पुढे पुढे कमी होतं, म्हणून किंचित वाढवून घ्या, तरी ०.०००२ च्या आतच. म्हणजे तुमच्या घड्याळाच्या शेवटच्या आकड्याच्याही पलीकडे.

आणि दोन्ही लेनना तो उशीर सारखाच. समोरासमोरच्या शर्यतीत निकाल त्याने बदलू शकत नाही.

गोलाई चाकाखाली जाणवेल का, तर तेही काढलं. पुढच्या आणि मागच्या चाकात अडीच मीटर धरले, तेवढ्यात पृथ्वीचा फुगवटा ०.१२ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

तिसरा_गिअर | शनिवार, दुपारी १२:४५

मॅडम, एक शंका. माझ्या मित्राने आज दुसरा आकडा आणलाय, ३.२ मिमी. तो म्हणतो इंटरनेटवर तसंच आहे. मग १२.७ खरं की ३.२?

लेव्हल_स्टाफ | शनिवार, दुपारी १:२०

दोन्ही खरे, मोजायची जागा वेगळी. एका टोकाला उभं राहून सरळ बघितलंत तर दुसऱ्या टोकाला १२.७. दोन टोकांना सरळ रेषा जोडून मध्ये बघितलंत तर फुगवटा ३.२, बरोबर चौथा हिस्सा. लेझर पट्टीच्या मधोमध लावलात तर दोन्ही टोकांना चूक ३.२ च्या आसपासच येते. एका कोपऱ्यात लावलात तर दुसऱ्या टोकाला पूर्ण १२.७ येते. म्हणून यंत्र मध्ये.

डिप्लोमाला आम्हाला हे पाठ असायचं: किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग गुणिले ०.०७८५, मीटरमध्ये वक्रतेची दुरुस्ती. हवेत किरण थोडा खाली वाकतो, त्याचं वजा करून ०.०६७३. तुमच्या ०.४०२ किलोमीटरला ही एकत्र दुरुस्ती जवळजवळ ११ मिमी येते.

आता जे पुस्तकात एका ओळीत असतं आणि साईटवर दिवस खातं ते सांगतो. तो ०.०६७३ आकडा सर्वसाधारण हवेचा. दुपारी अकरा-बाराला डांबर तापलं की त्याच्यावरची हवा खाली गरम आणि वर गार होते, आणि किरण उलट्या बाजूला वाकतो. तुम्ही गाडी चालवताना पुढे पाण्याचं तळं दिसतं ना, ते हेच. दुर्बिणीतून स्टाफवरचे आकडे उकळत्या पाण्यासारखे नाचतात. अशा वेळी लांबवरच्या एका नजरेत हवेची चूक पृथ्वीच्या गोलाईपेक्षा मोठी होऊ शकते. म्हणून लेव्हल सकाळी लवकर घ्यायची, नजर जमिनीच्या अर्धा मीटर वर ठेवायची, आणि मागची-पुढची नजर सारख्या अंतरावर. अंतर सारखं असलं की गोलाई, हवा आणि यंत्राची स्वतःची खोट, तिन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

हे मी पैसे मोजून शिकलोय. उमेदवारीच्या काळात एका कंत्राटदाराकडे लांब गटाराचं काम होतं. घाई होती, म्हणून मी मागे पंधरा मीटर आणि पुढे सत्तर असं बघत गेलो. प्रत्येक वेळी यंत्राची थोडी खोट त्याच दिशेने साठत गेली. शेवटाला चार सेंटिमीटर. पहिल्या पावसात पाणी मधोमध तुंबलं. साहेबांना मी सांगितलं की पृथ्वीच्या गोलाईमुळे झालं असेल. त्यांनी काही न बोलता वही मागितली, माझी अंतरं वाचली, आणि त्या चार सेंटिमीटरांत गोलाईचा वाटा काढून दाखवला. पुरते तीन मिमीसुद्धा नव्हते. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मांडवीकाठ | शनिवार, दुपारी ३:५०

काका, आता पाट्यावरून जाताना वेगळंच वाटणार. अजून एक विचारते. हे फक्त कागदावरच असतं की मोठ्या बांधकामात खरंच धरावं लागतं?

लेव्हल_स्टाफ | शनिवार, सायंकाळी ५:१५

धरावं लागतं. इंग्लंडमधला हंबर पूल घ्या. दोन मनोरे प्रत्येकी दीडशे मीटरपेक्षा उंच, मध्ये १४१० मीटर. दोघेही आपापल्या जागी ओळंब्यात, म्हणून वरची टोकं एकमेकांपासून खालच्यापेक्षा ३६ मिमी जास्त लांब आहेत. न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाचंही तसंच, तिथे ४१ मिमी. दोन ओळंबे एकमेकांना समांतर नसतात, दोघेही पृथ्वीच्या पोटाकडे बघतात. ड्रॅगच्या पट्टीला हे लागू पडत नाही, कारण तुमच्याकडे उंच काही नाही.

क्वार्टर_माईल | शनिवार, रात्री ८:०५

मॅडम, मग एक उलटा प्रश्न. गाडी वळलेल्या पट्टीवर जोरात जाते तेव्हा टेकाडावरून गेल्यासारखी थोडी हलकी होते का? पकड हाच आमचा सगळा खेळ आहे.

फोंडा_विज्ञान | रविवार, सकाळी ९:३०

होते, पण किती ते बघा. ५० मीटर प्रति सेकंदाला हजार किलोच्या गाडीचं वजन पृथ्वीच्या गोलाईमुळे ४० ग्रॅमने कमी होतं. एका लिंबाएवढं.

यापेक्षा मोठी गोष्ट गोलाईत नसून फिरण्यात आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तुमची पट्टी पूर्व-पश्चिम असेल आणि गाडी पूर्वेकडे धावत असेल, तर गोव्याच्या अक्षांशावर त्याच वेगाला ती साधारण ७०० ग्रॅम हलकी होते. पश्चिमेकडे धावली तर तेवढीच जड. आणि कुठल्याही दिशेला गेली तरी उजवीकडे एक बारीकशी ओढ लागते, हजार किलोला २०० ग्रॅमच्या वजनाएवढी. रस्त्याचा आडवा उतार मीटरला ०.२ मिमी असला तर जेवढी ओढ, तेवढी. आपल्याकडे पावसासाठी रस्त्याला मीटरला २५ मिमी आडवा उतार देतात, म्हणजे त्याच्या सव्वाशेपट.

वेग वाढला की मात्र हे आकडे मोठे होतात. १९९७ च्या १५ ऑक्टोबरला अँडी ग्रीनने नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात थ्रस्ट एसएससी ताशी १२२८ किलोमीटरने नेली. दहा टनांच्या त्या गाडीचं वजन नुसत्या गोलाईने साधारण अठरा-एकोणीस किलो कमी झालं असणार.

क्वार्टर_माईल | रविवार, सकाळी १०:१०

सव्वाशेपट! हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. तिसरा गिअर, तुमचं सगळं लक्ष शेवटाच्या अर्ध्या इंचावर आहे, आणि वर्षाला तीन हजार मिमी पाऊस पडणाऱ्या गोव्यात रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असणारच. मधला माथा तसाच ठेवलात तर डावी लेन डावीकडे आणि उजवी लेन उजवीकडे ओढणार. लाँचला, म्हणजे सुटताना, मागचं चाक जागेवर फिरलं की गाडी त्याच बाजूला घसरते. नवीन थर टाकताना अख्ख्या रुंदीला एकाच बाजूला हलका उतार द्या, म्हणजे पाणीही जाईल आणि दोन्ही लेन सारख्या वागतील.

दुसरं, लांबीचा उतार मोजा. मॅडमच्याच पद्धतीने मी एक टक्का उताराचा हिशोब केला: चारशे मीटरला चार मीटर, आणि बारा सेकंदांत जवळजवळ एक दशांश सेकंदाचा फरक. गोलाईच्या हजारपट. डोळ्याला एक टक्का दिसतही नाही.

तिसरं हवा. पहाटे २२ अंश आणि दुपारी ३३ यात हवा साडेतीन टक्क्यांच्या आसपास विरळ होते. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात उतरते, वेळ दीड दशांशाच्या आसपास वाढते. एकाच गाडीच्या सकाळच्या आणि दुपारच्या वेळा एकमेकांशी लावून भांडू नका. पुढचं चाक स्टेजच्या किरणात (सुरुवातीच्या रेषेवर गाडीची जागा दाखवणाऱ्या किरणात) किती आत उभं केलं, यावरूनही शतांश हलतात.

नकाशाघर | रविवार, दुपारी ४:२५

धागा आत्ता वाचला. सगळे डांबरावरच्या गोलाईबद्दल बोलताहेत. ती निरुपद्रवी आहे, मान्य. पण गोलाई दुसऱ्या दाराने आत येते, आणि तिथे ती तुमच्या घड्याळात दिसेल एवढी मोठी असते.

तुम्ही सुरुवातीची आणि शेवटाची रेषा कशी आखणार? हल्ली पोरं जीपीएसचं यंत्र आणतात, संगणकावर नकाशात ४०२.३३६ मीटरची रेघ ओढतात आणि तिच्या टोकांचे आकडे जमिनीवर रोवतात. नकाशा यूटीएमचा असतो, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून काढलेला. गोल पृथ्वी कागदावर पसरायची तर कुठेतरी ताणावी आणि कुठेतरी आवळावी लागते. यूटीएममध्ये पट्ट्याच्या मधल्या रेखांशावर सगळी अंतरं मुद्दाम ०.९९९६ पट ठेवलेली असतात. गोवा ४३ व्या पट्ट्यात येतो, मधला रेखांश ७५ अंश. आपण त्याच्या पश्चिमेला सव्वा अंशाच्या आत, तिथे हे प्रमाण ०.९९९७९ च्या जवळ आहे.

म्हणजे नकाशावरचे ४०२.३३६ मीटर जमिनीवर साडेआठ सेंटिमीटर जास्त भरतात. ताशी १८० ला ते पार करायला पावणेदोन हजारांश सेकंद लागतात. मॅडमच्या ०.०००२ शेजारी ठेवून बघा. दोन्ही लेन सारख्या असल्याने शर्यतीचा निकाल बदलणार नाही, पण तुमची वेळ दुसऱ्या पट्टीवरच्या वेळेशी लावायची असेल तर बदलेल.

उपाय सोपा. टोटल स्टेशनने (किरणाने अंतर आणि कोन मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्राने) जमिनीवरचं अंतर घ्या आणि यंत्रातलं नकाशाचं प्रमाण १ करून ठेवा. नाहीतर सरळ स्टीलचा टेप. आडवा, ताणून, सकाळच्या गारव्यात.

लेव्हल_स्टाफ | रविवार, सायंकाळी ६:४०

नकाशाघर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही टेप आणि साखळीची माणसं, आम्हाला जमीनच माहीत. साडेआठ सेंटिमीटर म्हणजे फार झाले. टेपबद्दल एक जोडतो: स्टीलचा टेप २० अंशांना बरोबर असतो. उन्हात ३५ अंश झाला तर चारशे मीटरला सात सेंटिमीटरपर्यंत चूक जाते. म्हणून सकाळच्या गारव्याचं जे म्हणालात ते अगदी पाळा.

तिसरा_गिअर | पुढचा रविवार, रात्री ९:०५

मंडळी, काम झालं ते सांगायला आलो.

आज पहाटे सहाला सहा जण गेलो. ज्या मित्राने वाद काढला होता त्यालाच स्टाफ धरायला दिला. लेव्हल भाड्याने आणली होती. पन्नास मागे, पन्नास पुढे, काकांनी सांगितलं तसं. आठ नंतर स्टाफवरचे आकडे हलायला लागले, तेव्हा थांबलो. परत उलट मोजत आलो, तीन मिमीत जुळलं.

निकाल: सुरुवातीपासून शेवटापर्यंत पट्टी ३८ सेंटिमीटर चढते. आम्हाला कोणालाच डोळ्याने दिसली नव्हती, आम्ही दोन वर्षं त्या रस्त्यावर चालवतोय. मॅडमच्या पद्धतीने त्याचा साधारण एक शतांश सेकंद होतो. मधला माथा दोन्ही बाजूंना मीटरला २२ मिमी पडतो. आणि दोनशे सत्तर मीटरवर डाव्या लेनमध्ये एक खड्डा बसलाय, तीन मीटरची पट्टी ठेवली तर मधोमध १४ मिमी फट. खाली चिऱ्यांची भर आहे, गेल्या पावसाळ्यात पाणी मुरून बसली असणार. गोलाईपेक्षा जास्त खोल खड्डा एकाच जागी होता आणि आम्ही दोन आठवडे शेवटाच्या अर्ध्या इंचावर भांडत होतो.

ठरलं ते असं. गोलाईसाठी काही धरायचं नाही. आधी तो खड्डा उकरून, भरून, रोलर मारायचा. मग थर, एका बाजूला उतार. चढ काढायला फार डांबर लागेल, तो तसाच राहील, पण वेळांच्या फलकावर "शेवटाकडे ३८ सेंमी चढ" असं लिहिणार, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला कळेल. रेषा टेपने मारल्या आहेत, सहा ते सातमध्ये.

मित्राने एक मागितलंय. त्याला आगरातला यांच्या मिठागरात कोंडीत पाणी सोडताना बघायचंय. कधी येऊ?

आगरातला | पुढचा रविवार, रात्री ९:४०

डिसेंबर संपता संपता या. भरती सकाळची असेल त्या दिवशी फोन करतो. चपला बांधावर काढाव्या लागतील.